साथ जुळविणें

ज्याला गाणें येतें त्याला साथीदार आपोआप मिळतात, अशी एक समजूत आहे. ती किती खोटी आहे हें हौशी गवयाइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक नसतें. धंदेवाईक गवयाच्या मागें जे साथीदार बसतात ते व्यवहारानें येऊन बसतात. पूर्वीं दरबारांतून गवयाप्रमाणें सारंगिये व तबलजीहि पगारी नोकर असत. पुढें नाटक मंडळ्यांनीं तीच रीत चालविली. १९१३ मध्यें निघालेल्या गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्वांच्या गाण्याला अहमदजान थिरकवा यांचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी लाभली. ती मंडळीच्या पदरीं असलेल्या कलावंतांची साथ होती. हौशी माणसाच्या पदरीं कोणी नसतें. त्याचा दिवाणखाना म्हणजे मुलांचा अभ्यास आटोपल्यावर मोकळी झालेली खोली, त्याचा वेळ म्हणजे कचेरी व जेवण यांच्या मधला तास, आणि त्याची बिदागी म्हणजे चहाचा एक पेला. एवढ्या भांडवलावर त्याला आपल्यासारखाच एक हौशी तबलजी आणि शक्य तर एक पेटीवाला मिळवावयाचा असतो. लग्न जमविण्यास निदान मध्यस्थ तरी असतात. येथें तेहि नाहींत.

हौशी लोकांचें संगीत ही कांहीं क्षुल्लक गोष्ट नव्हे. मुंबईंत १८७० मध्यें पारशी गृहस्थांनीं गायन उत्तेजक मंडळी काढली. महाविद्यालयांत शिकणारे विष्णु नारायण भातखंडे १८८४ मध्यें तिच्यांत दाखल झाले. पुढें ते व्यवसायानें वकील झाले, आणि आपल्या संगीताला शास्त्राची शिस्त लावण्याचें काम ह्याच वकिलाच्या हातून झालें. पुण्यास भास्करबुवा बखले यांनीं १९११ मध्यें गायन समाज स्थापिला, तोहि गृहस्थांच्या मुलांमुलींना गाणें शिकतां यावें म्हणूनच. अशा संस्थांतून आजवर हजारों लोक स्वर व ताल शिकून बाहेर पडले. परंतु विद्यालयांत तबलजी वर्गाबरोबर मिळतो. वर्ग संपला, परीक्षा झाली, नोकरी लागली, बिऱ्हाड झालें, कीं विद्यार्थी तंबोरा घेऊन एकटा उरतो. पुष्कळांचें गाणें थांबतें तें येथें थांबतें. गळा गेलेला नसतो, आवडहि गेलेली नसते. समोर ठेका धरणारा कोणी नसतो, एवढेंच.

कोणी म्हणेल, एकट्यानें गावें, त्यांत बिघडलें काय? बिघडतें, आणि तें गाणाऱ्याच्या ध्यानांत येत नाहीं, हें अधिक वाईट. तंबोऱ्यावर एकट्यानें गाणाऱ्याचा सूर पुष्कळदां चांगला राहतो, कारण तंबोरा त्याला क्षमा करीत नाहीं. लयीचें तसें नाहीं. श्वास संपला कीं तो थांबतो, तान साधली कीं धांवतो, आणि सम त्याच्या सोयीनें मागेंपुढें होते. वर्षानुवर्षें असें गाऊन त्याची सम ही एक आज्ञाधारक दासी होऊन बसते. मग एके दिवशीं खरा तबलजी समोर येतो, आणि दोघांपैकीं कोणाला तरी ताल येत नाहीं असें ठरवावें लागतें.

उदाहरणादाखल पुण्यांतील एक गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. एका कचेरींत तो हिशेब लिहीत असे. विद्यार्थिदशेंत सहा वर्षें गाणें शिकला होता. त्यानंतर दहाबारा वर्षें पहाटे तंबोऱ्यावर एकटाच मेहनत करीत आला होता. चाळिशी जवळ आली तेव्हां त्याला वाटूं लागलें कीं, आतां साथीवर बसावें. आणि त्यानें शोध सुरू केला.

पहिला तबलजी आला तो एक तरुण होता. हात अतिशय तयार. कायदे, रेले, गती ह्यांचा सांठा मोठा. गृहस्थ प्रसन्न झाला, परंतु ती प्रसन्नता तिसऱ्या आवर्तनापर्यंतच टिकली. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा सावकाश धरल्या तर एक आवर्तन पाऊण मिनिटाहून अधिक वेळ घेतें. तेवढा वेळ दोन मात्रांमधील मोकळी जागा मोकळी ठेवणें हें त्या तरुणाला जमेना. तो ती जागा भरूं लागला, आणि गवई आलाप करतो आहे कीं तबल्याला विश्रांति देतो आहे हें ऐकणाऱ्यास कळेना. यांत तरुणाचा दोष नव्हता. तो स्वतंत्र वादनासाठीं तयार झाला होता. साथ ही निराळी विद्या आहे हें त्याला कोणी सांगितलें नव्हतें. दोनचार बैठकींनंतर त्याचें येणें बंद झालें.

दुसरे एक शाळेचे मास्तर मिळाले. अबोल, वेळेवर येणारे, ठेका स्वच्छ धरणारे. येथें खरें म्हणजे जमावयास हवें होतें. परंतु प्रत्येक वेळीं मुखडा घेतांना गृहस्थाला वाटे कीं तबला मागें राहतो आहे. प्रथम त्यानें मान हलवून सुचविलें, मग मांडीवर हात आपटून दाखविलें, आणि एके दिवशीं घरांत दोन पाहुणे ऐकावयास बसले असतां गाणें मध्येंच थांबवून म्हणाला, "मास्तर, आपली लय ओढते. साथीला हें चालत नाहीं." मास्तर कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं हातोडी पिशवींत ठेवली, तबल्याला गवसणी घातली, आणि चहा न घेतां ते निघून गेले.

तिसरा माणूस गृहस्थाला तबल्याच्या दुकानांत सांपडला. साथीदार शोधणाऱ्यानें हें दुकान कधीं विसरूं नये. पुडी बदलणारा व शाई भरणारा कारागीर गांवांतील सर्व वाजविणाऱ्यांस ओळखतो. कोणाचा तबला कोणत्या पट्टींत लागतो, कोणाची पुडी वर्षानुवर्षें टिकते आणि कोणाची दर पावसाळ्यांत फाटते, कोण बायां दाबून फोडतो, हें त्याला तोंडपाठ असतें. आणि वाजविणाऱ्याच्या स्वभावाची बरीच माहिती त्यांत येऊन जाते. त्या कारागिरानें देवळांतील भजनी मंडळांत वाजविणाऱ्या एका वृद्धाचें नांव सांगितलें. भजनी ठेका, धुमाळी, दादरा, केरवा एवढीच ह्या मामांची विद्या. विलंबित एकताल त्यांनीं कधीं वाजविला नव्हता. गृहस्थानें नाइलाजानें त्यांना बोलाविलें, आणि मध्यलय त्रितालांतली एक चीज घेतली, कारण त्रितालाचा साधा ठेका तरी मामांना येत होता.

त्या दिवशींहि तेंच झालें. मुखडा आला आणि तबला मागें राहिला. परंतु मामा मास्तरांसारखे अबोल नव्हते.

"रागावणार नसाल तर एक बोलूं का?" त्यांनीं विचारलें.

"बोला कीं, मामा."

"मुखडा घेतांना आपण जरा पुढें सरकतां. मी ठेका होता तिथेंच ठेवतों, म्हणून आपल्याला वाटतें तबला मागें पडला. पहिल्या दोनतीन वेळां मीहि आपल्यामागून धांवलों. पण आमच्या देवळांत पन्नास माणसें टाळ धरून उभीं असतात. तिथें एकाच्या मागें धांवलें तर पन्नासहि पडतात. म्हणून मग मी थांबलों."

गृहस्थाला हें पटलें नाहीं. परंतु तो हिशेब लिहिणारा माणूस होता. शंका आली कीं ताळा घेतल्यावांचून त्याला झोंप येत नसे. दुसऱ्या दिवशीं पहाटे त्यानें धाकट्या मुलीला समोर बसविलें, भिंतीवरील घड्याळाच्या ठोक्याबरोबर हातानें मात्रा मोजावयास सांगितलें, आणि तीच चीज म्हटली. तिसऱ्या आवर्तनाला मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या आधीं आलांत." पुन्हां म्हटली. पुन्हां तसेंच झालें. दहाबारा वर्षें त्याची सम त्याच्या इच्छेप्रमाणें येत गेली होती, आणि त्या सवयीचा दोष त्यानें एका निरपराध माणसाच्या माथीं मारला होता.

ह्या प्रसंगांतून साथीच्या शोधाविषयीं पुष्कळ शिकण्यासारखें आहे. पहिली गोष्ट ही कीं, साथीदार पारखण्याच्या आधीं स्वतःला पारखावें लागतें. पाश्चात्य देशांतील हौशी वादकांनाहि ही अडचण भासली होती. तेथें चार वाद्यांचा मेळ हा घरगुती संगीताचा आवडता प्रकार. त्यांत एक जण कच्चा निघाला तर चौघांचीहि संध्याकाळ वाया जाते. १९४७ मध्यें अमेरिकेंतील इंडियानापोलिस शहरच्या लिओनार्ड स्ट्राउस नांवाच्या एका व्यावसायिकानें अशा हौशी वादकांची संस्था काढली. तिनें सभासदांची एक नामावली छापली. तींत नांव, पत्ता व वाद्य यांच्यापुढें प्रत्येकानें आपली श्रेणी आपणच लिहावयाची असे. परक्या गांवीं गेलेल्या माणसानें नामावली उघडावी, आपल्या तोलाचे तिघे निवडावे आणि संध्याकाळीं वाजवावयास बसावें, अशी ती योजना. तिचें मर्म श्रेणी स्वतः लिहिण्यांत आहे. परीक्षक दुसरा असला तर माणूस वाद घालतो. स्वतःच लिहावयाची असली म्हणजे क्षणभर तरी लेखणी थांबते.

दुसरी गोष्ट पट्टीची. ही इतकी साधी आहे कीं तीच विसरली जाते. पांढरी दोनमध्यें गाणारा पुरुष आणि काळी चारमध्यें गाणारी स्त्री यांना एकच तबला चालत नाहीं. गजऱ्यावर हातोडी ठोकून व गट्टे सरकवून तबला एखाद्या सुराच्या अंतरानें वर किंवा खालीं नेतां येतो. त्याहून अधिक उतरविला तर पुडी ढिली पडून नाद मरतो, आणि अधिक चढविला तर ती फाटते. उंच स्वराला लहान तोंडाचा तबला लागतो, खालच्याला मोठ्या तोंडाचा. धंदेवाईक तबलजी चारपांच तबले बाळगतो. हौशी माणसाजवळ पुष्कळदां एकच असतो. मग भिडेस्तव गवई आपली पट्टी बदलतो, आणि सहा महिन्यांनीं गळा बसला म्हणून वैद्याकडे जातो. म्हणून नांवगांव विचारण्याच्या आधीं पट्टी विचारावी. पट्टी जुळत नसेल तर दोघांनीं मिळून दुसऱ्या तबल्याचा खर्च करावा. तो गळ्याहून स्वस्त पडतो.

तिसरी गोष्ट पेटीची. हें वाद्य घरोघर असल्यामुळें पेटीवाला लवकर मिळतो, परंतु साथीचा पेटीवाला मिळणें तबलजीहूनहि कठीण. १९४० मध्यें आकाशवाणीनें पेटीला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढलें, आणि पुढें सुमारें तीस वर्षें ती बाहेरच राहिली. तिचे सूर बांधलेले, दोन सुरांमधली मींड तिला देतां येत नाहीं, हा तिच्यावरचा एक मुख्य आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. दरबारीचा आंदोलित गंधार पेटीच्या कोणत्याहि पट्टीखालीं सांपडत नाहीं. परंतु चांगला पेटीवाला हें जाणतो आणि त्या जागीं हात उचलतो. कोठें वाजवावें ह्यापेक्षां कोठें थांबावें हें ज्याला कळतें, तोच साथीला योग्य. जो गवयाच्या आधीं पुढच्या सुरावर जाऊन उभा राहतो, तो कितीहि तयार असला तरी त्याला स्वतंत्र वादनासाठीं नमस्कार करावा.

चौथी गोष्ट हेतूची. आणि बहुतेक मेळ फुटतात ते येथें फुटतात. एकाला येत्या गणेशोत्सवांत बैठक करावयाची असते, दुसऱ्याला सहा महिने यमनच घोटावयाचा असतो, आणि तिसऱ्याला आठवड्यांतून एकदां घराबाहेर पडण्यास एक चांगलें निमित्त हवें असतें. तिन्ही हेतु योग्य आहेत. परंतु ते तिघे एका खोलींत आले आणि कोणी कोणास कांहीं विचारलें नाहीं, तर तिसऱ्या महिन्यांत कुरबूर सुरू होते. ती वरकरणीं लयीची किंवा सुराची असते, आंतून मात्र हेतूची असते. आवडीचाहि प्रश्न येथेंच येतो. किराण्याच्या संथ आलापावर प्रेम करणारा गवई आणि आग्र्याच्या बोलबनावाशिवाय ज्याला गाणें अळणी वाटतें असा तबलजी, हे दोघेहि रसिक असून एकमेकांस कंटाळतील. हें पहिल्याच भेटींत मोकळेपणानें विचारण्यांत संकोच मानूं नये.

म्हणून पहिल्या बैठकीचे कांहीं साधे नियम सांगतां येतील. तिला श्रोते नसावे, कारण श्रोत्यांसमोर प्रत्येक जण स्वतःची अब्रू सांभाळतो, दुसऱ्याची नाहीं. राग दोघांच्या परिचयाचा असावा. एक चीज मध्यलयींत व एक विलंबितांत घ्यावी. गवयानें आरंभीं ठेका किती सावकाश हवा तें हातानें दाखवावें व मागाहून तो बदलूं नये. शेवटीं दहा मिनिटें तबलजीस स्वतंत्र वाजवूं द्यावें, पेटीवर लेहरा धरावा, आणि तेवढा वेळ गवयानें हातावर ताल द्यावा. ह्यानें दोन गोष्टी साधतात. तबलजीचा हात मोकळा होतो, म्हणून गाण्याच्या वेळीं तो मोकळ्या जागा भरीत सुटत नाहीं. आणि गवयाला साथ देणें म्हणजे काय तें अनुभवानें कळतें. एका बैठकीवरून कोणालाहि नाकारूं नये. तीन तरी कराव्या. आणि जें चुकलें असेल तें पाहुण्यांसमोर बोलूं नये.

आजकाल विजेवर चालणारा तबला व तंबोरा सर्वत्र मिळतो, आणि एकट्या गवयाला त्याचा पुष्कळ उपयोग होतो. घड्याळासमोर मुलीला बसविण्याचें काम तें यंत्र अधिक चोख करतें. परंतु तें मोजतें, ऐकत नाहीं. गवयाची सम चुकली तरी त्याला सुखदुःख नाहीं, आणि साधली तरी त्याची मान हलत नाहीं. ज्यानें यंत्राबरोबर मेहनत केली त्याची लय सुधारते. साथीचा आनंद मात्र त्याला माणसाकडूनच घ्यावा लागतो.

त्या गृहस्थाची गोष्ट अर्धी राहिली आहे. ताळा चुकला हें कळल्यावर येत्या रविवारीं तो मास्तरांच्या घरीं गेला. बाहेरच्या खोलींत कोपऱ्यांत तबला दिसला. गवसणीवर धूळ होती. त्या दिवसापासून मास्तरांनीं ती काढली नव्हती. आपल्याला साथ करतां येत नाहीं, असें त्यांनीं स्वतःशीं ठरवून टाकलें होतें, आणि देवळांतील उत्सवाचें आमंत्रणहि नाकारलें होतें. साथीच्या बाबतींत एक अविचारी शब्द काय करूं शकतो तें गृहस्थाला त्या धुळीवरून समजलें.

"मास्तर," तो म्हणाला, "लय आपली ओढत नव्हती. मी धांवत होतों. तें पाहुण्यांसमोर बोललों होतों, म्हणून त्याच दोघांना येत्या गुरुवारीं बोलाविलें आहे. आपण आलांत तर त्यांच्यासमोरच सांगेन."

मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाहुणे कशाला? चहा ठेवा म्हणजे झालें. त्या दिवशींचा राहिला आहे."

गुरुवारीं मास्तर आले, आणि मामाहि आले. गृहस्थानें पाहुण्यांनाहि बोलाविलें होतें, आणि सांगावयाचें तें सांगितलें. विलंबिताला मास्तर बसले, मध्यलयीला मामा. विलंबित चालू असतां मामा मास्तरांच्या हाताकडे टक लावून बसले होते. बारा मात्रांचा तो ठेका त्यांना ह्या वयांत शिकावयाचा होता. गृहस्थाचा मुखडा दोनदां पुढें सरकला. दोन्ही वेळां मास्तरांनीं ठेका हलविला नाहीं, आणि दोन्ही वेळां त्यांनीं मान वर करून गवयाकडे पाहिलें. तिसऱ्या वेळीं मुखडा थांबला, मोकळी जागा मोकळी राहिली, आणि सम दोघांची एकदम आली.